नंबर भिंतीवर होता म्हणून?

बसा. हजेरी नंतर घेईन. पुस्तकं मिटा, आज धडा होणार नाही.

तिसऱ्या बाकावरची जागा सहा दिवस रिकामी आहे. का, ते या वर्गात सगळ्यांना माहीत आहे. तरी सहा दिवसांत एकानेही माझ्याजवळ येऊन तोंड उघडलं नाही. काल तिची आई शाळेत आली तेव्हा मला कळलं. मी तुमची वर्गशिक्षिका, आणि मला सगळ्यात शेवटी कळतं. राग तुमच्यावर आहे तसा माझा माझ्यावरही आहे, पण माझं मी बघेन. आज तुमचं बघायचं आहे.

काय झालं ते सगळं सांगते, कारण तुमच्यातल्या प्रत्येकाने त्यातला आपल्या सोयीचा तेवढा तुकडा उचललेला आहे. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत ती बोलली. सकाळची साडेसहाची एसटी बंद झाली आणि वाड्यांवरच्या मुलींची शाळा कशी सुटत गेली, हा विषय. सात मिनिटं, हातात कागद नाही. दुसरा क्रमांक आला. इथल्याच एका बातम्यांच्या वेबसाइटने ते भाषण टाकलं. खाली प्रतिक्रिया आल्या. पहिल्या दहाबारा कौतुकाच्या. मग एकाने तिच्या रंगावरून लिहिलं. दुसऱ्याने वडिलांच्या कामावरून. तिसऱ्याने जे लिहिलं ते मी या खोलीत उच्चारणार नाही. आणि त्याच्याखाली तिच्या आईचा मोबाइल नंबर. दहाच्या दहा आकडे. 'रात्री लावा' असं वर लिहून.

तिची आई अंगणवाडी सेविका आहे. त्या रात्री अकरापासून पहाटे तीनपर्यंत तिला ४७ फोन आले. तुम्ही म्हणाल, फोन बंद करून ठेवायचा. वाडीवर एका बाईचे दिवस भरलेले आहेत, तिच्या घरून कधीही फोन येईल, म्हणून या माउलीला फोन बंद करता येत नव्हता. नंबर अनोळखी दिसला तरी उचलावाच लागत होता, कारण कळा सुरू झाल्यावर माणसं शेजाऱ्याच्या फोनवरूनही लावतात. तिने सगळेच्या सगळे उचलले. प्रत्येक वेळी 'कोण बोलतंय?' म्हणून विचारलं आणि पलीकडून जे आलं ते ऐकलं. मुलगी शेजारच्या अंथरुणात जागी होती.

मागचे दोन बाक, मान खाली घालू नका. वर बघा. ऐकताना वर बघायचं.

ज्याने नंबर टाकला त्याच्याशी मी काल संध्याकाळी बोलले. प्रतिक्रिया खोट्या नावाने होती, पण भिंतीवरच्या नंबरचा फोटो त्याने आदल्याच दिवशी स्वतःच्या फोनवरून तुमच्या गटात टाकला होता, त्यामुळे शोध घ्यायला मला कुठे जावं लागलं नाही. त्याने कबूल केलं. त्याचं नाव मी इथे घेणार नाही, आणि का घेणार नाही तेही सांगणार आहे. पण आधी त्याचं पहिलं वाक्य ऐका. म्हणाला, "मॅडम, नंबर तर अंगणवाडीच्या भिंतीवरच लिहिलाय. सगळ्या गावाला दिसतो. मी काय वेगळं केलं?"

हे वाक्य एकट्याचं नाही. काल मधल्या सुट्टीत मी आणखी चौघांकडून तेच ऐकलं, म्हणून आज पुस्तकं मिटायला लावली.

मी सकाळी शाळेत येण्याआधी ती भिंत बघून आले. पिवळा रंग, त्यावर गेरूने अक्षरं. वर लसीकरणाचा वार. खाली 'सेविका' आणि नंबर. हे कुणासाठी लिहिलं आहे? पोराला ताप चढला तर आईने लावावा म्हणून. आहार आला की नाही विचारावं म्हणून. भिंतीसमोर उभं राहून नंबर वाचणारा माणूस त्या भिंतीच्या कामाचा असतो. तू तो नंबर तिथून उचललास आणि घाणेरड्या वाक्याखाली चिकटवलास. आकडे तेच राहिले, पण ते कुणाच्या हाती पडावेत आणि कशासाठी, हे तू बदललंस. गुन्हा तो आहे. घरात लग्नाची मोठी बहीण असेल त्यांनी आठवा, तिचा बायोडेटा किती घरी गेलाय. जन्मवेळ, उंची, शिक्षण, पगार, मामाचं गाव, वडिलांचा फोन, सगळं असतं त्यात. तुमच्याच वडिलांनी हाताने दिलेला असतो. उद्या कुणी तो एसटी स्टँडवर चिकटवला तर 'दिलाच होता की सगळ्यांना' असं म्हणाल? लाकूड घेऊन धावाल.

खाजगी म्हणजे कुलपात ठेवलेलं, असं तुम्ही समजता. तसं नाही. के. एस. पुट्टस्वामी नावाच्या निवृत्त न्यायमूर्तींनी दाखल केलेल्या खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा माणसाचा मूलभूत हक्क आहे. त्याच निकालपत्रात असंही म्हटलंय की माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचा खाजगीपणा संपत नाही, तो जागेला चिकटलेला नसतो, माणसाला चिकटलेला असतो. ती स्पर्धेच्या व्यासपीठावर उभी राहिली, तिने माइक हातात घेतला, म्हणून तिचा रंग, तिचे वडील, तिची आई तुमच्या मालकीची झाली नाहीत. तिने एसटीबद्दल सात मिनिटं बोलायला तोंड उघडलं होतं. एसटीबद्दल बोला. तिचा एखादा मुद्दा चुकला असेल तर तो खोडून काढा, वाटेल तेवढा कडक. ६३ प्रतिक्रिया मी वाचल्या. एसटीबद्दल त्यात पाच होत्या.

आता दुसरं. "वेबसाइटवाले काढतील की." हे या वर्गातल्या मुलींनी मला सांगितलं, मुलांनी नव्हे. तुम्ही वाट बघत बसलात.

तुम्हाला वाटतं पलीकडे कुणीतरी बसलेलं असतं आणि आलेली प्रत्येक ओळ वाचत असतं. तसं कुणी नसतं. मोठ्या कंपन्यांकडे आधी यंत्र बघतं. यंत्राला शिव्यांची यादी दिलेली असते, आणखीही पुष्कळ शिकवलेलं असतं, पण मराठी शिवी इंग्रजी अक्षरांत लिहिली, मधे दोन टिंबं टाकली, एका अक्षराच्या जागी आकडा घातला, की त्याच्या हातून ती निसटते. ही युक्ती तुम्हाला पक्की ठाऊक आहे, कारण त्या तिसऱ्या प्रतिक्रियेत नेमकी तीच वापरलेली आहे. म्हणजे लिहिताना हात थरथरला नव्हता. शिवी चाळणीतून खाली कशी पडेल याचा शांतपणे विचार केलेला होता. रागाच्या भरात गेलं असं मला कुणी सांगू नये. आणि आपल्या गावातल्या त्या वेबसाइटला तर यंत्रही नाही. एक संपादक आणि त्यांच्या हाताखाली एक मुलगा, एवढंच. काल आईने आणि मी मिळून संपादकांना पत्र लिहिलं, दुव्यासकट, वेळेसकट. अर्ध्या तासात सगळं काढलं गेलं. अर्ध्या तासात! सहा दिवस ते तिथे राहिलं, कारण पन्नास जणांपैकी एकाही हाताने चार ओळी लिहिल्या नाहीत.

त्या संपादकांनाही मी सोडलेलं नाही. खाली लिहायला जागा उघडी ठेवायची, तिथे माणसं जमली की वरची जाहिरात जास्त डोळ्यांना दिसते, आणि मग कोण काय लिहितंय ते बघायला वेळ नाही म्हणायचं, हे चालणार नाही, असं तोंडावर सांगितलं. एस्टोनिया नावाचा लहानसा देश आहे. तिथे 'डेल्फी' या बातम्यांच्या संकेतस्थळाने जानेवारी २००६ मध्ये एक बातमी दिली. हिवाळ्यात तिथला समुद्र गोठतो आणि बेटांवर जायला बर्फावरून रस्ता होतो. एका कंपनीच्या बोटींनी तो बर्फ फोडला, म्हणून लोक चिडलेले. बातमी सरळ होती. खाली १८५ प्रतिक्रिया आल्या, त्यातल्या वीसेक कंपनीतल्या एका माणसाला धमक्या आणि शिव्या देणाऱ्या. डेल्फीकडे शिव्या पकडणारी चाळणी होती, तक्रारीची सोयही होती. तरी ते लिखाण सहा आठवडे राहिलं. वकिलाचं पत्र आलं त्याच दिवशी काढलं. तिथल्या न्यायालयांनी डेल्फीला जबाबदार धरलं, भरपाई ठरवली ती फक्त ३२० युरोंची, पण डेल्फी युरोपच्या मानवाधिकार न्यायालयात गेली आणि १६ जून २०१५ रोजी तिथेही हरली. धंदा म्हणून जागा चालवता तर उघड धमकी स्वतःहून काढायला हवी होती, असं न्यायालयाचं म्हणणं. आपल्याकडे कायदा थोडा निराळा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ जागा देणाऱ्याला संरक्षण देतं, पण अटी घालून. २०२१ च्या नियमांनी तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क उघड लावणं सक्तीचं केलं. ते नाव त्या पानाच्या अगदी तळाशी असतं. तुम्ही तासन्‌तास बोटाने पानं वर सरकवता, त्या तळाशी एकदाही गेला नाहीत.

पण ऐका, जागा देणाऱ्याची चूक मोठी ठरली म्हणून लिहिणाऱ्याची लहान होत नाही. आपल्या शाळेच्या मागच्या भिंतीवर दरवर्षी कोळशाने काहीबाही लिहिलं जातं. शिपाईमामा चुन्याची बादली घेऊन पुसतात. साठीला आलेला माणूस शिडीवर चढून मुलींची नावं पुसतो. त्यांनी पुसायला उशीर केला तर दोष त्यांना द्यायचा, आणि कोळसा कुणाच्या हातात होता ते विचारायचं नाही?

काल एकाने मला कायदाही शिकवला. "मॅडम, ६६ अ रद्द झालंय." हो, झालंय, आणि झालं ते योग्यच झालं. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंद होती, त्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने त्याला लाइक केलं, आणि दोघींना अटक झाली. त्यातून खटला उभा राहिला आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ते कलम मोडीत काढलं. ते कुणासाठी मोडीत काढलं ते समजून घे. एका मुलीने सगळा समाज गप्प असताना प्रश्न विचारला, तिच्यासाठी. आपल्या वर्गातल्या मुलीनेही एसटीबद्दल प्रश्नच विचारला होता. पालघरच्या मुलींच्या बाजूला ती उभी आहे. तू त्यांना गप्प करणाऱ्यांच्या बाजूला आहेस आणि त्यांचाच निकाल ढाल म्हणून पुढे धरतोस. बाकीची कलमं जिवंत आहेत. बाईच्या शीलाचा अपमान करणारे शब्द, पाठलाग, बदनामी, धमकी, सगळं भारतीय न्याय संहितेत आहे. धमकी देणाऱ्याने स्वतःचं नाव लपवलं तर मूळ शिक्षेखेरीज आणखी दोन वर्षांपर्यंतची कैद कलम ३५१ मध्ये सांगितली आहे. खोटं नाव घेतलं की सुटलो, असं ज्यांना वाटतं त्यांनी ते कलम वाचावं. आणि खोटं नाव टिकतही नाही. कुठल्या जोडणीवरून, किती वाजता, याची नोंद राहते, आणि सिमकार्ड घेताना तुमच्या घरातल्या कुणाचं तरी ओळखपत्र दिलेलं असतं. पोलीस तुमच्या दारात येतील तेव्हा दार तुमची आई उघडेल.

हा प्रकार ऐकून आमच्या शिक्षकखोलीत एक जण म्हणाले, मग सरळ आधार क्रमांक घेतल्याशिवाय कुणाला लिहूच देऊ नये. मी त्यांना नाही म्हटलं, तुम्हालाही सांगते. दक्षिण कोरियाने २००७ मध्ये हेच केलं. मोठ्या संकेतस्थळांवर लिहायचं तर आधी खरी ओळख पटवायची. म्हणजे कोट्यवधी लोकांची ओळखीची माहिती कंपन्यांच्या कोठारात जमा झाली. २०११ मध्ये तिथल्या एका मोठ्या कंपनीवर चोरांनी डल्ला मारला आणि साडेतीन कोटी लोकांची माहिती बाहेर गेली. पुढच्याच वर्षी, २३ ऑगस्ट २०१२ रोजी, तिथल्या घटना न्यायालयाने तो कायदा एकमताने रद्द केला. शिव्या थांबवायला निघाले आणि सगळ्यांच्या घराच्या किल्ल्या एका पेटीत ठेवून बसले.

शिवाय टोपणनावात पाप नाही. १८४८ पासून 'प्रभाकर' साप्ताहिकात शतपत्रं छापून आली, ती 'लोकहितवादी' या सहीने. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते, आणि आपल्याच जातीच्या, आपल्याच समाजाच्या दोषांवर लिहीत होते. टोपणनावाच्या आड उभं राहून त्यांनी स्वतःपेक्षा बलवान असलेल्यांना खडे बोल सुनावले. मुकादमाने पैसे बुडवलेला मजूर आज नाव लपवून लिहितो, त्याला लपू द्यावंच लागेल. वसतिगृहात छळ होणारी मुलगी नाव लपवून लिहिते, तिलाही. हा आडोसा त्यांच्यासाठी बांधलेला आहे. तुम्ही त्याच्यामागे बसून एका अंगणवाडी सेविकेच्या मुलीवर दगड मारलात, आणि आता तो आडोसाच पाडा असं मोठी माणसं म्हणायला लागली आहेत. उद्या तो पडला तर उघड्यावर येतील ते मजूर आणि त्या मुली. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण मी आठवीत तुम्हाला वाक्यात उपयोग करायला दिली होती. सगळ्यांचं वाक्य बरोबर आलं होतं.

आता ज्यांना वाटतंय आपण यात नाही, त्यांच्याकडे येते.

त्या तिसऱ्या प्रतिक्रियेवर २८ अंगठे होते. त्यातली नऊ नावं या हजेरीपत्रकात आहेत. तीन मुलींची. "मी वाचलंही नाही, मॅडम, सगळे देत होते म्हणून दिला." न वाचता सही करणारी माणसं घर गमावतात, हे तुमच्यातल्या निम्म्या घरांनी सावकाराच्या दारात पाहिलेलं आहे. आणि वेबसाइटवर ज्याला जास्त अंगठे ती प्रतिक्रिया वर चढते. तळाशी राहिली असती ती ओळ तुम्ही उचलून तिच्या भाषणाच्या अगदी खाली नेऊन ठेवलीत. तिने फोन उघडला तेव्हा पहिली तीच दिसली.

मग ज्यांना चीड आली ते. त्यांनी काय केलं? त्या प्रतिक्रियेचा फोटो काढून 'निषेध' असं लिहून चार गटांत पाठवला. नंबर त्यात तसाच! एकीलाही सुचलं नाही की त्या दहा आकड्यांवर आधी रेघ ओढावी. वेबसाइटवरून काल ते गेलं, पण तुमच्या निषेधातून ते अजून फिरतंय. काल रात्रीही तिच्या आईला दोन फोन आले.

आणि परवा, त्याचं नाव कुजबुजीतून बाहेर आल्यावर, तुमच्यातल्या काही शूरांनी त्याच्या घराचा फोटो टाकला. दारात उभ्या असलेल्या त्याच्या धाकट्या बहिणीसकट. ती सातवीत आहे. तिने काय केलं होतं? म्हणूनच मी त्याचं नाव घेत नाही. तो सोळा वर्षांचा आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे त्याच्या वयाच्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा छापता येत नाही, आणि त्याला जी शिक्षा व्हायची ती योग्य जागी होईल. त्याच्या आईवडिलांना मी आज बोलावलं आहे. पण त्याने एका आईचा नंबर उचलला म्हणून तुम्ही एका बहिणीचा चेहरा उचललात. तुमच्यात आणि त्याच्यात मला आज फरक दिसत नाही.

एक चूक आमचीही आहे, ती सांगितल्याशिवाय मला हे सगळं बोलायचा अधिकार नाही. स्पर्धेची यादी शाळेच्या फलकावर लागली त्यात मुलींची पूर्ण नावं होती, वाडीची नावं होती. तिचं घर कुठलं, म्हणजे अंगणवाडी कुठली, हे तिथूनच कळलं. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो आणि मुलाची डिजिटल माहिती हाताळायची तर पालकांची संमती मागतो. आम्ही तिच्या पालकांना विचारलं नव्हतं, भाषण वेबसाइटला देतानाही नाही. ती यादी मी आज सकाळी स्वतःच्या हाताने काढली. तिच्या आईची माफी काल मागितली. ती म्हणाली, "नंबर बदलणार नाही, मॅडम. भिंतीवर आहे, रजिस्टरात आहे, बायांना पाठ आहे."

म्हणून आता फोन बाहेर काढा. हो, आत्ता, वर्गात, मी सांगते आहे. पुरावा म्हणून जे लागतं ते दुव्यासह, तारखेसह माझ्याकडे आहे आणि सायबर तक्रारीला जोडलेलं आहे, तुमच्याकडच्या एकाही प्रतीची कुणाला गरज नाही. गट उघडा. फोटो टाकणाऱ्यांनी तो 'सर्वांसाठी' काढायचा. त्याची मुदत उलटली असेल तर गट चालवणाऱ्याने काढायचा, तू, तूच चालवतोस ना, ये पुढे. मग गॅलरी. मग गॅलरीच्या कचरापेटीत जा, महिनाभर ते तिथे पडून असतं. बाहेर कुणाकुणाला पाठवलं त्यांची नावं कागदावर लिहा. मामेभाऊ, क्लासचे मित्र, सगळे. प्रत्येकाला माझ्यासमोर फोन लावायचा आणि काढायला सांगायचं. पहिल्या बाकापासून सुरू करू.

घंटा झाली तरी कुणी उठायचं नाही. पुढच्या तासाच्या सरांना मी सांगून आले आहे.